‘बिघाडाचा दंड’ की ‘बिघाडाचा फटका’?

प्रश्न : प्रॅक्टिकल शूटिंगच्या, म्हणजे नेमाबरोबर वेळही मोजणाऱ्या नेमबाजीच्या, नियमांचा अनुवाद करताना, ऐन फेरीत स्पर्धकाचे पिस्तूल अडकल्यास दिल्या जाणाऱ्या निर्णयासाठी मी ‘बिघाडाचा दंड’ असा शब्दप्रयोग केला आहे. तो योग्य वाटतो का?

उत्तर : ‘बिघाड’ चालेल, ‘दंड’ चालणार नाही. मराठीत दंड म्हटला की तो ठोठावणारा, भरणारा आणि त्यामागचा अपराध अशा तिन्ही गोष्टी गृहीत धरल्या जातात, आणि १९७६ साली स्थापन झालेल्या आयपीएससी या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत शस्त्र अडकणे हा अपराधच नाही. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागात, उभी अडकली, तर नेमबाज तळहाताने मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) खालून ठोकतो, स्लाइड मागे खेचून सोडतो आणि पुढच्या लक्ष्याकडे वळतो. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट ट्रिगरपासून दूर असेल तर पंच एक शब्दही बोलत नाही. टायमर मात्र चालूच असतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे असल्यामुळे, २० सेकंदांत १०० गुण मिळवणाऱ्याचा भागाकार ५ येतो आणि पुंगळी काढण्यात ५ सेकंद गेले तर तोच ४ वर उतरतो. कोणीही न ठोठावता झालेल्या अशा नुकसानीला मराठीत ‘फटका’ म्हणतात. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली, तेव्हा तिला ‘दंड बसला’ असे आपण कोणी म्हटले नाही. (तो क्रीडाप्रकार वेगळा, पण भाषेचा न्याय तोच.)

शंका : पिस्तूल सुरूच झाले नाही तर गुण वजा होतात, तो दंडच ना?

उत्तर : होय, पण तो बिघाडाचा नव्हे. २ मिनिटांत बिघाड दूर झाला नाही तर फेरी तिथेच थांबते आणि जे झाले तेवढ्यावरच गुणांकन होते. न लागलेल्या प्रत्येक नेमाचे १० गुण जातात आणि ज्या लक्ष्यावर एकही गोळी झाडली नाही, त्या प्रत्येक लक्ष्यामागे कार्यपद्धती मोडल्याचा आणखी एक दंड बसतो. येथे ‘हुकलेला नेम’ लिहू नये, कारण हुकण्यासाठी आधी गोळी झाडावी लागते. ‘न लागलेला’ म्हटले की झाडलेले आणि न झाडलेले असे दोन्ही त्यात येतात.

‘बिघाड’ला षष्ठी लावल्याशिवाय मात्र नियमाचा अर्थ लागत नाही. स्पर्धकाच्या साधनाचा बिघाड असेल तर फेरी पुन्हा मिळत नाही. मैदानाच्या साधनाचा असेल, म्हणजे हलते लक्ष्य वेळेआधीच सुटले किंवा पाडलेली लोखंडी पाटी पुन्हा उभी करायची राहिली, तर ती पुन्हा द्यावीच लागते. त्यासाठी ‘फेरसंधी’ हा शब्द सुचतो, पण संधी सोडताही येते आणि येथे तर सक्ती आहे. ‘फेरफेरी’ कानाला सोसवत नाही. म्हणून मी नाम घडवण्याच्या फंदात न पडता ‘फेरी पुन्हा झाडावी लागेल’ असे सरळ लिहितो.

शंका : आणि अडकलेले पिस्तूल सोडवताना गोळी सुटली तर?

उत्तर : तर स्पर्धक संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. ‘अपात्र’पेक्षा ‘बाद’ बरा, कारण पात्रता आधी तपासतात आणि बाद खेळताना होतो. आपले ‘सुटली’ हे अकर्मक क्रियापद माणसाला नकळत मोकळे करते. काच फुटली, दूध उतू गेले, तशी गोळी सुटली. नियम ही सवलत देत नाही. शस्त्राचा एखादा भाग प्रत्यक्ष तुटल्यामुळे गोळी गेली आणि त्यात स्पर्धकाच्या कृतीचा भाग नव्हता, असे सिद्ध झाले तरच तो बाद होण्यापासून वाचतो, तरीही त्या फेरीचे गुण शून्यच धरले जातात. अनुवादात ‘गोळी सुटली’ मी या एकाच कलमासाठी राखून ठेवीन आणि बाकी सर्वत्र ‘स्पर्धकाकडून गोळी झाडली गेली’ असे लिहीन.