घाटात ताकद कमी, पण धूर नाही: एअरफ्लो सेन्सर साफ करावा की बदलावा?

घाटवाट_पुणे (प्रश्न)

माझ्याकडे २०१३ सालची १२४८ सीसी, चार सिलिंडरची टर्बो डिझेल हॅचबॅक असून तिचे ९६ हजार किलोमीटर झाले आहेत. गेल्या महिन्यापासून खंबाटकी घाट चढताना ती तिसऱ्या गिअरमध्येही दम टाकते. काळा धूर मात्र अजिबात नाही. इंजिनचा दिवा लागल्यावर ओबीडी अडॅप्टर (गाडीने नोंदलेले दोषांचे कोड वाचणारे उपकरण) फोनला जोडून पाहिले, तेव्हा पी०१०१ हा एअरफ्लो सेन्सरच्या मोजमापाबद्दलचा कोड मिळाला. गॅरेजमध्ये थेट नवा एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) बसवण्याचा सल्ला मिळाला. इंजिन गरम होऊन आयडलला (गाडी उभी, अॅक्सिलरेटर न दाबता) असताना इंजिनाच्या दर लिटरमागे सेकंदाला साधारण १ ग्रॅम हवा दिसावी, असे वाचले होते. मला साडेपाच ग्रॅम दिसते. म्हणजे माझा सेन्सर चौपट हवा दाखवत आहे काय?

पाना_पक्कड

तुम्ही वाचलेला आडाखा पेट्रोल इंजिनाचा आहे. पेट्रोल इंजिनात आयडलला थ्रॉटल (हवेच्या वाटेतली झडप) जवळजवळ मिटलेला असतो, म्हणून हवा थोडीच आत जाते. डिझेल इंजिनात वाट बहुतांशी मोकळी असल्यामुळे ते प्रत्येक वेळी जवळपास पूर्ण श्वास घेते. शिवाय तुमच्या गाडीत आयडलचा आकडा पाहून निदान होणारच नाही, कारण मोजलेली हवा ठरलेल्या आकड्यापर्यंत यावी म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारी झडप) कमीजास्त उघडत राहते. सेन्सर चुकीचा असला तरी आयडलला आकडा सरळच दिसू शकतो.

त्यामुळे ईजीआर व्हॉल्व्हचा कनेक्टर तात्पुरता काढून ठेवा (त्यामुळे आणखी एक कोड नोंदला जाईल, तो नंतर पुसता येतो) आणि गाडी उभी असतानाच इंजिन ३००० आरपीएमवर धरा. तुमचा एक सिलिंडर ३१२ सीसीचा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने ३० अंश तापमानाला तिथल्या एक लिटर हवेचे वजन सुमारे १.१ ग्रॅम भरते, म्हणजे एका श्वासाला साधारण ३४० मिलिग्रॅम. ३००० आरपीएमवर सेकंदाला असे १०० श्वास होतात, म्हणून कागदावरचा आकडा ३४ ग्रॅम येतो. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही, हे धरून २८ ते ३१ ग्रॅम दिसले तर मी सेन्सरवर संशय घेणार नाही.

धूर नाही, हा तुम्ही सांगितलेला सर्वांत उपयोगी तपशील आहे. टर्बोकडून (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) इंजिनाकडे जाणारा होज किंवा इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारा भाग) फुटला असता, तर मोजलेली हवा वाटेतच निसटली असती आणि मोजमापानुसार सोडलेले डिझेल अर्धवट जळून काळा धूर आला असता. इथे उलटा प्रकार दिसतो: हवा पुरेशी असूनही ईसीयूला ती कमी वाटते आणि धूर होऊ नये म्हणून ते डिझेल आखडते. मग एक तर सेन्सर मळला आहे, किंवा काही हवा त्याला वगळून आत शिरत आहे.

जुने_कार्ब्युरेटर

साफ करणारच असाल तर इग्निशन बंद करून किल्ली काढा आणि इंजिन थंड होऊ द्या. सेन्सर एअर फिल्टरच्या डब्यालगतच्या नळीवर असतो आणि बहुधा टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेच्या) स्क्रूंनी बसवलेला असतो. साध्या पेचकसाने जोर लावला तर स्क्रूची डोकी खराब होतात. फवारा एअरफ्लो सेन्सरसाठीच बनवलेला घ्या. कार्ब्युरेटर क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर प्लास्टिक खराब करू शकतो, आणि सॅनिटायझरमध्ये तर पाणी व ग्लिसरीन असते, त्यामुळे त्याचा विचारही करू नका. आतला भाग म्हणजे विजेने तापणारा अतिशय पातळ पडदा. वाहती हवा त्याची उष्णता कशी नेते, यावरून हवेचे माप ठरते. म्हणून त्याला कापूस, ब्रश, बोट यांपैकी काहीही लागू नये आणि कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. थोड्या अंतरावरून दहाबारा वेळा फवारा मारा आणि किमान अर्धा तास वाळू द्या, कारण द्रावण ज्वलनशील असते.

सर्व्हिसिंगला कागदी फिल्टर हवा मारून ‘साफ’ करून परत बसवण्याची आपल्याकडची सवय मला कधीच पटली नाही. कागदाला बारीक भोके पडतात आणि तीच धूळ पुढे सेन्सरवर बसते.

सीएनजीवाला

थोडे अवांतर. माझ्या १ लिटरच्या पेट्रोल गाडीत हा सेन्सर सापडत नाही. तो कुठे असतो?

पाना_पक्कड

आपल्याकडील बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत तो नसतोच. इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा सेन्सर, हवेचे तापमान आणि आरपीएम यांवरून ईसीयू हवेचा हिशेब करते.

घाटवाट_पुणे

सांगितल्याप्रमाणे मोजले. साफ करण्याआधी ३००० आरपीएमवर २२ ग्रॅम आणि साफ केल्यावर २५ ग्रॅम दिसले. पडद्यावर करडा थर स्पष्ट दिसत होता, त्यामुळे काम झाले असे वाटले होते. पण २५ हा आकडा मनाला पटेना. मग सेन्सरपासून टर्बोकडे जाणारी रबरी नळी काढून वाकवून पाहिली, तर खालच्या बाजूला, घडीच्या आत, बोटभर लांबीची चीर निघाली. नळी जागेवर असताना ती दिसतच नव्हती. सध्या चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि आता आकडा ३० येतो. ईजीआरचा कनेक्टर जोडला, कोड पुसले, घाटही चढून पाहिला. गाडी पूर्वीसारखी ओढते. चिकटपट्टीवर किती दिवस चालवता येईल?

पाना_पक्कड

शक्य तो एक दिवसही चालवू नका. ती चीर फिल्टरनंतरची आहे, म्हणजे महिनाभर न गाळलेली धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर गेली आहे. नवी नळी बसवताना टर्बोच्या तोंडाशी टॉर्च धरून पात्यांच्या कडा झिजल्या आहेत का ते पाहा, आणि शाफ्ट बोटांनी हलवून घ्या. बाजूला किंचित हालचाल चालते. पुढेमागे खेळ जाणवला किंवा पाते घराला घासत असेल, तर मला आकड्यांसह कळवा.