मदत हवी आहे : तरुण चर्चिल, मुंबईचा धक्का आणि वार्तापत्रे

नमस्कार. ब्रिटनचे माजी अर्थमंत्री लॉर्ड रँडॉल्फ यांचे चिरंजीव विन्स्टन चर्चिल यांच्या 1895 ते 1900 या वर्षांवर मी लेख लिहीत आहे. 1896 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर होडीतून उतरताना त्यांनी भिंतीतली लोखंडी कडी पकडली, तेवढ्यात लाटेने होडी मागे ओढली गेली आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. याच दुखण्यामुळे 1898 मध्ये सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईत घोडदळाच्या चढाईवेळी त्यांनी तलवारीऐवजी पिस्तूल वापरले. मला तर त्यांच्या मोठमोठ्या भाषणांपेक्षा ही कडीच अधिक बोलकी वाटते.

अडचण पुढेच आहे. 1897 मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या मलाकंदच्या मोहिमेत हा लष्करी अधिकारी अलाहाबादच्या ‘पायोनियर’ आणि लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्रांसाठी बातम्या पाठवत होता. सेवेतल्या अधिकाऱ्याला अशी मुभा कोणत्या नियमाने मिळे आणि वडिलांच्या नावाचा त्यात कितपत वाटा होता, हे कोणी साधार सांगू शकेल का? इंग्लंडमधल्या ओल्डहॅम मतदारसंघातला 1899 चा निवडणुकीतला पराभव, दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात बोअरांच्या कैदेतून पलायन आणि ओल्डहॅममधलाच 1900 चा विजय यांची माहिती जमली आहे. ‘पायोनियर’चे 1897 चे अंक मुंबई-पुण्यातल्या एखाद्या ग्रंथालयात कोणी पाहिले असल्यास कृपया कळवावे.