जीव कुणाचा, निर्णय कुणाचा? तुमचे अनुभव सांगा

बेळगावकर_जुना

बैलहोंगलच्या रामण्णवर पितापुत्रांची गोष्ट आपल्याकडं बहुतेकांना माहीत आहे. डॉ. बसवण्णेप्पा रामण्णवर २००८ मध्ये गेले. माझा देह विद्यार्थ्यांना शिकायला द्या, आणि विच्छेदन माझ्या मुलानंच करावं, अशी त्यांची इच्छा होती. दोन वर्षं देह जतन करून ठेवला गेला आणि २०१० मध्ये बेळगावच्या आयुर्वेद महाविद्यालयात डॉ. महांतेश यांनी विद्यार्थ्यांसमोर वडिलांच्या देहाचं विच्छेदन केलं. त्या वेळी निम्मं गाव हात जोडत होतं, निम्मं गाव 'असला कसला पोरगा' म्हणत होतं. मी अजून कुठल्या निम्म्यात आहे ते ठरलेलं नाही.

तर धागा यासाठी. जगणं, मरणं, शिक्षा, औषधं यांतला एखादा प्रश्न तुमच्या घरात किंवा गल्लीत आला असेल तर काय झालं ते लिहा. तत्त्वज्ञान कमी असलं तरी चालेल. आपल्या भागापुरतं ठेवू: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी. सीमाप्रश्न इथं आणू नये, त्याला दुसरी जागा आहे.

शहापूरची_सून

आमचे मामंजी विणकर. घरात माग होता, नंतर पॉवरलूम आले. शाळा चौथीपर्यंत, पण वाचन दांडगं. साठी उलटल्यावर त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला आणि देवघराच्या फळीवर पंचांगाखाली ठेवला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी विषय काढत नव्हतं.

ते पहाटे गेले. डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, म्हणून मी आधी नेत्रपेढीला फोन केला. माणसं आली, काम अर्ध्या तासात उरकलं. काढतात ते बुबुळावरचा पारदर्शक पडदा, चेहरा अजिबात विद्रूप होत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण दारात जमलेल्या बायकांना खोबणी रिकाम्या दिसणार असं वाटत होतं. डोळे दिले तरी देहदान करता येतं, हेही तेव्हाच कळलं. शवविच्छेदन झालेला देह मात्र कॉलेज घेत नाही, आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो.

खरी अडचण पुढं आली. फॉर्म मामंजींचा असला तरी देह ताब्यात देताना सही वारसाची. हे म्हणाले, "अण्णांनी लिहिलंय ते खरं. पण अण्णा आता नाहीत. जे उरलंय ते आमचं." मामंजींची थोरली बहीण, आमची अक्का, नव्वदीची. ती म्हणाली, "जित्तेपणी त्याचं कुणी ऐकलं न्हाई, आता तरी ऐका." त्यावर पुण्याहून आलेले भाऊजी, "दहाव्याला पिंड कुठला ठेवायचा आणि कावळा कशाला शिवेल?" भटजींनीच वाट काढली. दर्भाचा पुतळा करून विधी होतात म्हणाले. शेवटी सही झाली.

सासूबाईंना अजून खटकतं. अस्थी नाहीत, मलप्रभेत सोडायला काही मिळालं नाही. माझा प्रश्न असा: मेलेल्या माणसाचा शब्द मोठा की जगायचं उरलेल्या बाईचं दुःख? मी स्वतः फॉर्म भरलाय. नातेवाईकाच्या सहीच्या जागी हे अजून सही करत नाहीत.

दूधगंगाकाठ

निपाणी तालुक्यातला, जैन शेतकरी घर. आमच्याकडं सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारायचं व्रत, हा पेपरातला विषय नाही. आचार्य शांतिसागर महाराज भोजचे. त्यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. आचार्य विद्यासागर महाराज सदलग्याचे, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये डोंगरगडला तसेच गेले. दोन्ही गावं आमच्या सोयरिकीतली.

माझ्या आजीनं व्रत घेतलं तेव्हा मी एमबीबीएसला होतो. त्याच सुमारास, ऑगस्ट २०१५ मध्ये, राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखना म्हणजे आत्महत्या असा निकाल दिला आणि त्याच महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. म्हणजे मधल्या काही आठवड्यांत तिकडच्या एखाद्या आजीचा नातू कायद्यानं गुन्हेगार ठरला असता. आजीला यातलं काही सांगितलं नाही. तिला पोटाचा कर्करोग होता, पसरलेला. आधी अन्न कमी केलं, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी. माझ्या बॅगेत सलाईनची बाटली होती. हॉस्टेलवरून निघतानाच घेतलेली.

ती लावली नाही. ती शांत होती, तिचं डोकं ठिकाणावर होतं, आणि तिला काय शिकवणार?

> शहापूरची_सून
एक विचारू का, राग मानू नका. मधेच 'मला जेवायचंय' म्हणाल्या असत्या तर?

> दूधगंगाकाठ
राग कसला. रोज सकाळी काका विचारायचे, आणि व्रत सोडता येतं असं महाराजांनीही सांगितलं होतं. पण दारात दर्शनाला रांग, अंगणात मांडव, पाहुणे आलेले. अशा वेळी 'भूक लागली' म्हणणं किती अवघड असेल, हा प्रश्न मी पुढं आयसीयूत काम करताना उलट्या बाजूनं पाहिला. तिथं 'आता पुरे' म्हणणं तितकंच अवघड असतं. तिथंही बाहेर पाहुणे बसलेले असतात.

हिंडलगा_नाका

वडिलांचं चहाचं दुकान होतं, जेलपासून लांब नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये चंदनतस्कर वीरप्पनच्या चार साथीदारांचे दयेचे अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळले. ते चौघं आमच्या हिंडलगा जेलमध्येच होते. टीव्हीवाल्यांच्या गाड्या लागल्या, आठवडाभर दुकान जोरात. फाशी कधी, दोर कुठून येणार, सगळी चर्चा आमच्याच बाकड्यावर.

वीरप्पनच्या टोळीनं १९९३ मध्ये पालारला केलेल्या सुरुंगस्फोटात २२ माणसं मेली होती, त्याच खटल्यातले हे चौघं. एक निवृत्त हवालदार रोज यायचे, त्यांचं म्हणणं सरळ: त्या बावीस घरांना विचारा. दुसरे एक मास्तर विचारायचे, खालच्या कोर्टानं जन्मठेप दिली, वरच्यानं २००४ मध्ये तिची फाशी केली, मग अर्ज नऊ वर्षं पडून राहिला. यात शिक्षा किती वेळा झाली ते मोजा. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिरंगाई हेच कारण धरून त्यांची आणि इतर काहींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. म्हणजे मास्तरांचा मुद्दा. तरी मला हवालदारांचं खोटं ठरवता येत नाही. दिरंगाई सरकारची, तिचा फायदा त्या चौघांना, आणि बावीस घरांच्या वाट्याला काय? दोघंही शेवटपर्यंत एकाच बाकड्यावर बसले, बिल मात्र वेगवेगळं.

टिळकवाडी_सकाळ

छोटंसं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जाणाऱ्या किती जणांना माहीत आहे की तिथं देवी रोगाची लस तयार व्हायची? वासराच्या अंगावर ओरखडे काढून लागण करायची, फोड आले की खरवडून लस काढायची, अशी ती रीत. १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. माझ्या दंडावर तो व्रण आहे. मी शाकाहारी आहे, गोठ्यातल्या वासराला हात उगारत नाही, आणि या व्रणाबद्दल मला खंत वाटत नाही. हे दोन्ही एका डोक्यात कसं राहतं ते मलाच बघायचंय.

वडगाव_पॉवरलूम

वासरांचं निघालं म्हणून. जुलै २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या माणसांवरच्या चाचणीला देशभरातली बारा ठिकाणं निवडली, त्यात बेळगाव होतं. मी नाव दिलं. लूम बंद, घरात बसून होतो. बायको म्हणाली, "तुझ्यावर प्रयोग करूलालेत, कळालंय काय?" म्हटलं, कळालंय, म्हणून तर चाललोय.

पहिल्या टप्प्यात काहींना लस आणि काहींना लशीविना नुसता तिच्यातला पूरक घटक, लशीचा जोर वाढवणारा. कुणाला काय टोचलं हे टोचताना कुणीच सांगत नाही, तशीच पद्धत. संमतिपत्र बरंच लांब होतं. डॉक्टरांनी एकेक कलम मराठीत समजावलं, कधीही सोडून जाता येतं हेही सांगितलं. लोक विचारतात पैशासाठी गेलास का. जाण्यायेण्याचा खर्च मिळाला. पण खरं सांगू, लूम सुरू असता तर गेलो असतो का? रांगेत माझ्या पुढं-मागं बंगलेवाला कुणी दिसला नाही. लस मात्र सगळ्यांनी घेतली. एवढंच म्हणायचंय.

खानापूर_जांबोटी

आयसीयूचं वर निघालंय म्हणून लिहितो. आमच्या भागात व्हेंटिलेटर काढायचा निर्णय तत्त्वावर होत नाही, बिलावर होतो. चुलत्यांच्या वेळी ऊसबिल थकलेलं, सोनं आधीच सोसायटीत. डॉक्टर म्हणाले सुधारणा नाही, पण आम्ही काढणार नाही, तुम्ही तुमच्या जबाबदारीवर घरी न्या. सही करून नेलं. अँब्युलन्समध्ये ब्रदर श्वास द्यायचा फुगा दाबत होता. घाट लागायच्या आत ते गेले. गावात सांगितलं, 'घरीच जायचं म्हणत होते.' म्हणतही होते, पण वर्षभरापूर्वी, दुसऱ्याच कशावरून तरी.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्नाटक सरकारनं परिपत्रकही काढलं. दवाखान्यात डॉक्टरांची दोन मंडळं, प्रत्येकी तिघांचं, मग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. उत्तम आहे. पण दोन मंडळं बसेपर्यंतचं रोजचं बिल कोण भरणार, हे त्यात कुठं आहे?

> दूधगंगाकाठ
हा प्रश्न आम्हाला वॉर्डातही पडतो. निदान उपचार कुठवर करायचे याचं इच्छापत्र आधीच करून ठेवा. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीनं कोण बोलणार त्यांची नावं त्यात घाला. बिलाचा प्रश्न सुटत नाही, पण 'त्यांना काय हवं होतं' यावरून व्हरांड्यात होणारी भांडणं वाचतात.

> खानापूर_जांबोटी
नावं कुणाची घालू? थोरला पैसेवाला आहे आणि काढू देणार नाही. धाकटा रोज जवळ असतो आणि लगेच काढेल.

> शहापूरची_सून
सुनेचं घाला.