'कागदपत्रं तपासतोय…' : एआय खरंच तपासतंय का?

धागाकर्ता: विम्याच्या दाव्यांसाठी आम्ही एक चॅटबॉट केलाय. उत्तराला १५ सेकंद लागतात. तोवर स्क्रीनवर ओळी येतात: 'कागदपत्रं तपासतोय…', 'नियम पडताळतोय…'. काल कोड उघडला, तर दर ३ सेकंदांनी ओळ बदलते, बस! मागे काय चाललंय त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ही सरळ थापेबाजी आहे. त्यापेक्षा नुसतं फिरणारं चक्र बरं. मतं?

कटिंगचहा: असहमत. वापरसुलभतेचा तज्ज्ञ जेकब निल्सन याने १९९३ मध्येच लिहून ठेवलंय, १० सेकंदांच्या पुढे माणसाचं लक्ष टिकत नाही. चक्र दिसलं की माझी आई 'अडकलं वाटतं' म्हणते आणि बॅक दाबते. मग सगळं पहिल्यापासून. ओळी दिसल्या की गप थांबते.

धागाकर्ता: थांबते, कारण तिला ते खरं वाटतं. माझं दुखणं तेच आहे.

रिकामटेकडा: ब्यूएल आणि नॉर्टन या संशोधकांचा २०११ चा अभ्यास आहे. प्रवासाच्या साइटवर शोध कसा चाललाय ते दाखवलं, तर लोकांना थांबावं लागूनही सेवा जास्त आवडली. डोसा डोळ्यांसमोर तव्यावर पडला की आपण कुठे कुरकुरतो? फक्त तवा खरा हवा.

कटिंगचहा: मग चॅटजीपीटीसारखं उत्तर शब्द-शब्द दाखवत जा ना. एआय मॉडेल तसंही एकेक टोकनच, म्हणजे शब्दाचा तुकडाच, काढतं, त्यात थाप कुठली?

धागाकर्ता: दाव्याची रक्कम आहे हो! आधी ४०,००० दिसले आणि पडताळणीनंतर २५,००० झाले, तर ग्राहक माझ्या घरी येईल. पूर्ण उत्तर तपासल्याशिवाय दाखवता येत नाही.

देवनागरीवाला: एक राहिलंच. बऱ्याच मॉडेलांत त्याच मजकुराला इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त टोकन लागतात, म्हणजे आपलं उत्तर आणखी रखडणार. तुमच्या डिझायनरने चाचणी इंग्रजीत केली असणार, पैज लावतो.

धागाकर्ता: हरलो. इंग्रजीतच केली होती.

रिकामटेकडा: ओळी खऱ्या टप्प्यांना जोडा. पॉलिसीतलं कलम सापडलं की त्याचा क्रमांक दाखवा. आणि 'थांबवा' बटण द्या, नाहीतर लोक बॅकच दाबणार.

धागाकर्ता: जोडतो. पण शोध ४ सेकंदांत उरकतो. उरलेले ११ सेकंद काय दाखवू?

कटिंगचहा: 'उत्तर लिहून तपासतोय, १० सेकंद लागतील.' आईला एवढं पुरेल.

धागाकर्ता: मराठीत १० चे १४ झाले तर?

कटिंगचहा: मग १५ लिहा की!