मदत हवी आहे: आधी मानववंशशास्त्र की आधी कायदा?

लेक सतरा वर्षांची आहे. नवऱ्याच्या बदल्यांपायी तिचे तीन देश आणि पाच शाळा झाल्या. एका शाळेच्या फॉर्मवर 'मूळ देश' या रकान्यात तिने तीन नावं लिहिली होती. ऑफिसातल्या बाईंनी दोन खोडून फॉर्म परत दिला. तो कागद तिने अजून जपून ठेवलाय.

आता तिला मानववंशशास्त्र (माणसाचे समाज, संस्कृती आणि शरीर यांचा अभ्यास) शिकून मानवी हक्कांच्या क्षेत्रात काम करायचंय. मला वाटत होतं, दोन्ही एकाच वाटेवरचे विषय. पण तिनेच मला वाचून दाखवलं, की संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असतानाच, १९४७ मध्ये, अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यावर हरकत घेतली होती. त्या हरकतीचा मसुदा मेलव्हिल हर्सकोविट्झ या मानववंशशास्त्रज्ञांचा. पश्चिम युरोप-अमेरिकेची मूल्यं धरून बेतलेले हक्क अख्ख्या जगाला कसे लावणार, असा त्यांचा सवाल. जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ ला मंजूर झाला तो झालाच. त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने स्वतःचा जाहीरनामा काढला तो थेट १९९९ मध्ये. "बावन्न वर्षं लागली यांना!" इति लेक. १९४८ च्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातलं 'सर्व पुरुष' जाऊन 'सर्व माणसं' आलं ते भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहतांच्या आग्रहामुळे, हे मी सांगितलं तेव्हा कुठे स्वारी जरा खुलली.

तर वाद घालायची हौस आहे, पण नेमकं काम काय करायचं हे ठरत नाही. सध्या अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांच्या गटाने तिला झपाटलंय. लष्करी राजवटीत (१९७६ ते १९८३) बेपत्ता केलेल्यांचे अवशेष उकरून, हाडांवरून वय, उंची, जखमा ताडून ओळख पटवायची आणि ते घरच्यांच्या हवाली करायचे, हे काम हा गट १९८४ पासून करतोय. मला ऐकूनच पोटात कालवतं, ती मात्र जेवताना सांगते. गोची अशी, की बाईसाहेबांनी दहावीनंतर जीवशास्त्र सोडलंय.

जीवशास्त्राशिवाय या शाखेत शिरता येतं का, की पदवीच्या पहिल्या वर्षी भरून काढता येतं? आणि ते नाहीच जमलं, तर आधी मानववंशशास्त्राची पदवी घेऊन मग मानवी हक्कांत एमए करावं, की सरळ कायद्याला जावं? एलएलएमला (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीला) आधी कायद्याची पदवी लागते, एमएला सहसा लागत नाही, इतपत मला कळलंय. प्रत्यक्ष फील्डवर काम केलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

शिवाय प्रवेशाच्या निबंधाचं घोंगडं भिजत पडलंय. शाळेतले समुपदेशक म्हणतात, तीन देशांत वाढल्याचं लिही. ही म्हणते, "बदल्या बाबांच्या झाल्या, मी नुसत्या बॅगा भरल्या. त्यात माझं कर्तृत्व काय?" मला तिचं पटतं, पण मग लिहायचं काय? खोडलेल्या फॉर्मचं लिही म्हटलं, तर म्हणाली विचार करते.

फी आणि नोकऱ्यांचं वेगळ्या धाग्यात विचारेन, इथे अभ्यासाचंच बोलूया.