मदत हवी आहे: पाच पॉलिसी, अकरा फंड, एक प्लॉट… तरी निवृत्तीचं गणित जमेना

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे. नवरा ४६, सातपूरला एका कंपनीत क्वालिटीत आहे. मी ४३, खाजगी शाळेत शिकवते. पेन्शन कुणालाच नाही. (पीएफसोबतच्या ईपीएस या छोट्या पेन्शनचं जे मिळेल त्यात दूधवाल्याचं आणि पेपरवाल्याचं बिल भागेल.) मुलगी यंदा दहावीला. नवऱ्याची निवृत्ती ५८ व्या वर्षी, म्हणजे हातात बारा वर्षं.

गेल्या महिन्यात त्याच्या खात्यातले एक जण निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं सगळं झालं आणि पंधरा दिवसांत तेच गृहस्थ शेजारच्या कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर रात्रपाळीला दिसले. त्या रात्री नवऱ्याने विचारलं, "आपलं काय गं?" मी अगदी ठसक्यात म्हणाले, "आपलं सगळीकडे थोडं थोडं आहे की!" मग रविवारी कपाटातली निळी फाईल काढली आणि फाईलमध्ये न मावलेले कागद ठेवलेली साडीच्या दुकानाची पिशवीपण.

तर जे निघालं ते असं. नवऱ्याचा ईपीएफ (नोकरीतला भविष्यनिर्वाह निधी) १९ लाख, त्यात दरमहा दोन्ही बाजूंचे मिळून साधारण १०,७५० पडतात. माझा पीपीएफ (सरकारी दीर्घ मुदतीचं बचत खातं) ८.६ लाख, २०१४ सालचा. बँकेत एफडी ६ लाख आणि ओळखीच्या पतसंस्थेत ४ लाख (साडेनऊ टक्के देतात). पाच पारंपरिक विमा पॉलिसी, मिळून वर्षाचा हप्ता १,१४,०००, आणि पाचही धरून विमा फक्त १६ लाखांचा. अकरा म्युच्युअल फंड, एकूण ७.८ लाख, एसआयपी (दरमहा ठरलेली गुंतवणूक) महिना १२,०००. दागिने अठरा तोळे. सिन्नरच्या बाजूला दोन गुंठे, सातबाऱ्यावर आणखी आठ नावं. घराच्या कर्जाचा हप्ता १८,४००, अजून सहा वर्षं. घरखर्च ५५,०००, त्यात लेकीचा क्लास आणि फी धरून.

इथवर मी खूशच होते. म्हटलं, सगळी अंडी एका टोपलीत नाहीत! मग लेक हायलायटर घेऊन बसली. अकरा फंडांच्या यादीतल्या पहिल्या दहा-दहा कंपन्यांची नावं छापून घेतली होती. एचडीएफसी बँक दिसली की पिवळं, रिलायन्स हिरवं, आयसीआयसीआय बँक गुलाबी. अर्ध्या तासात डायनिंग टेबलावर रंगपंचमी. अकरापैकी नऊ कागदांवर तिन्ही रंग. लेक म्हणाली, "आई, हा एकच फंड तू नऊ वेळा घेतलायस."

हे फंड बँकेतल्या एका साहेबांनी दिले. दर वर्षी एक-दोन नवे. मी सही करत गेले, चूक माझीच.

प्रश्न एवढेच: हे आवरायचं कसं? कुठून सुरुवात करायची? आणि बारा वर्षांत जमेल का, की आम्हीही रात्रपाळीला?

-----

आकडेमोड्या:

ताई, सगळे आकडे एका ठिकाणी लिहिलेत, इथेच निम्मं काम झालं. इथे येणारे बहुतेक "माझ्याकडे काही फंड आहेत" म्हणतात आणि पुढे आम्हीच उलटतपासणी घेत बसतो.

आधी खर्च. लेकीचा आणि कर्जाचा भाग वगळून दोघांचा आजचा खर्च ४५,००० धरू. महागाई ६ टक्के धरली तर बारा वर्षांत दुप्पट (७२ ला दराने भागलं की दुप्पट व्हायची वर्षं येतात: ७२ भागिले ६). म्हणजे ५८ व्या वर्षी महिना ९०,०००, वर्षाला १०.८ लाख. निवृत्तीला वर्षाच्या खर्चाच्या २५ पट साठा हवा असा ढोबळ हिशोब असतो, म्हणजे २ कोटी ७० लाख. आकडा बघून घाबरू नका, पुढचं वाचा.

ईपीएफला आत्ताचा ८.२५ टक्के दर टिकला (दर वर्षी ठरतो, लक्षात ठेवा) तर आजचे १९ लाख आणि पुढची भरणा मिळून बारा वर्षांनी सुमारे ७४ लाख. पीपीएफमध्ये एक रुपयाही नवा टाकला नाही तरी ७.१ टक्क्यांनी १९-२० लाख. फंडांतले ७.८ लाख आणि १२,००० ची एसआयपी, १० टक्के धरून ५५ लाख. सहा वर्षांनी कर्ज फिटलं की तोच १८,४०० चा हप्ता एसआयपीत वळवा, १७ लाख. बेरीज १ कोटी ६५ लाख.

म्हणजे खड्डा मोठा आहे, पण बुजणारा आहे. एसआयपी दर वर्षी १० टक्क्यांनी वाढवलीत (पगार वाढतो तेव्हाच, नंतर हात धजत नाही) तर त्यातच १८ लाखांची भर. आणि एक गोष्ट तुम्ही मोजलीच नाहीत: नवरा ५८ चा होईल तेव्हा तुम्ही ५५ च्या. तुमचा पगार आणखी काही वर्षं चालला तर त्या काळात साठ्याला हात कमी लागेल. हा फरक मोठा असतो.

-----

कोथिंबीरवडी:

दागिने यादीतून काढा. लेकीच्या लग्नात मोडणार आहात का? सासूबाईंच्या पाटल्या मोडणार आहात का? मग ती गुंतवणूक नाही, ते दागिने आहेत. आणि सोनं हवंच असेल तर गोल्ड ईटीएफ (शेअरसारखं डीमॅटमध्ये घेता येणारं सोनं) घ्या, घडणावळ जात नाही. सरकारी सुवर्णरोखे चांगले होते, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवे आलेलेच नाहीत. एकूण गुंतवणुकीच्या पाच-दहा टक्के सोनं पुष्कळ झालं.

सिन्नरच्या दोन गुंठ्यांबद्दल बोलत नाही. आमचेही आहेत, चाकणला. आठ नावं म्हणजे आठ सह्या, एवढंच सांगते.

-----

पिंपळपार:

बाकी सगळं नंतर, पतसंस्थेतले ४ लाख आधी काढा!!

बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं (ठेवींचा विमा उतरवणारी रिझर्व्ह बँकेची संस्था) ५ लाखांचं विमासंरक्षण असतं (फेब्रुवारी २०२० पासून, आधी १ लाख होतं). हे एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून. पतसंस्था या योजनेत येतच नाहीत. तिथे जास्तीचे दोन-अडीच टक्के मिळतात ते याच धोक्याचे. माझ्या वडिलांचे निवृत्तीचे पैसे गावच्या पतसंस्थेत होते. चेअरमन आमच्याच आळीतले, रोज देवळात भेटणारे. संस्था बुडाली तेव्हापासून वडिलांनी त्या देवळात जाणं सोडलं. पैसे आले, सात वर्षांनी, अर्धे.

बँकेतली एफडी एकाच नावावर असेल तर ५ लाखांवरचा १ लाख दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टात हलवा.

-----

गोदाकाठ:

@पिंपळपार, वाचून पोटात गोळा आला. ठेव मोडायचं बोलते घरी. पतसंस्थेचे चेअरमन नवऱ्याचे मामेभाऊ आहेत, म्हणून जरा…

@आकडेमोड्या, रात्री दोनदा वाचलं. पॉलिसींचं काय करू? एक उदाहरण देते: वर्षाला २६,०००, वीस वर्षं, शेवटी साधारण साडेनऊ लाख मिळतील असं एजंटकाका म्हणतात. भरणार ५.२ लाख. जवळजवळ दुप्पट होतायत की?

-----

आकडेमोड्या:

दुप्पट दिसतं, कारण पहिला हप्ता वीस वर्षं कामाला असतो आणि शेवटचा एकच वर्ष. दर काढला तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. वाईट नाही म्हणा, पण पीपीएफपेक्षा कमी, महागाईपेक्षाही कमी, आणि विमा मात्र पाच लाखांचा. ४६ वर्षांच्या कमावत्या माणसाला, कर्ज आणि दहावीतली मुलगी असताना, १६ लाखांचा विमा म्हणजे पावसाळ्यात रुमाल.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवऱ्याच्या नावावर टर्म इन्शुरन्स (निव्वळ विमा, मुदतीअखेर परतावा नाही), निदान १ कोटीचा. पॉलिसी हातात आल्यावरच जुन्यांकडे बघा, उलटं कधीच नको, कारण मधल्या काळात वैद्यकीय तपासणीत काही निघालं तर दोन्हीकडून गेलात. मग ज्या जुन्या पॉलिसींना दोन-तीन वर्षं उरलीत त्या पुऱ्या करा. ज्यांना दहा-बारा वर्षं आहेत त्यांची सरेंडर व्हॅल्यू (आत्ता मोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अपचा आकडा शाखेतून लेखी मागा. तोंडी नको, काकांकडूनही नको. बहुतेक वेळा पेड-अप केलेलं बरं पडतं: पुढचे हप्ते बंद, भरलेल्याच्या प्रमाणात रक्कम मुदतीअखेर मिळते.

आणि मेडिक्लेम? कंपनीचाच असेल तर तो निरोपसमारंभाच्या दिवशी संपतो. स्वतःचा आत्ताच घ्या. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती वर्षं नोकरीत असतानाच जाऊ द्या.

-----

निवांत_साठी:

मी आकडे कमी लिहीन, अनुभव लिहितो.

मी जानेवारी २०२० मध्ये निवृत्त झालो. निफ्टी (शेअर बाजाराचा निर्देशांक) १२,००० च्या वर होता. २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. माझे जवळजवळ निम्मे पैसे इक्विटी फंडांत होते, दोन महिन्यांत कागदावर काय उरलं ते बायकोला सांगितलंही नाही. पण एक युनिटही विकलं नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं हो, विकायची गरजच नव्हती. तीन वर्षांचा खर्च ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आणि एफडीत होता, दर तिमाहीला व्याज येत होतं. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या मित्राचं सगळं फंडांत होतं, मुलाच्या घराचं डाउन पेमेंट एप्रिलमध्ये होतं. त्याने विकलं. फंड दोघांचे जवळजवळ सारखेच होते.

म्हणून ताई, किती फंड हा प्रश्नच नाही. कुठला पैसा कधी लागणार, हे आधी लिहा. लेकीचं कॉलेज दोन-तीन वर्षांवर आलंय, तो पैसा शेअर बाजारात असता कामा नये. तुमच्या एफडी त्यासाठीच ठेवा. बारा वर्षांनंतरचा पैसा बाजारात असायलाच हवा, नाहीतर महागाई खाईल. तुमच्याकडे ईपीएफ आणि पीपीएफ मिळून स्थिर बाजू भक्कम आहे. फंडांचे ७.८ लाख त्यापुढे लिंबूटिंबू. म्हणजे तुमचा प्रश्न जोखीम जास्त झाल्याचा नाहीच, कमी झाल्याचा आहे.

५५-५६ व्या वर्षापासून मात्र थोडं थोडं बाजारातून स्थिर बाजूला आणायला लागा. आणि लक्षात ठेवा, ज्येष्ठ नागरिक योजनेला एरवी साठी पूर्ण लागते, पण ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं, मिळालेल्या रकमेपुरतं. कमाल ३० लाख, सध्या दर ८.२ टक्के, पाच वर्षं तोच राहतो. पोस्टातल्या माणसाला हे माहीत नसेल तर नियम छापून न्या. मला न्यावा लागला होता.

-----

कोथिंबीरवडी:

+१. आणि फंडांचं: लार्ज कॅप फंडाला ८० टक्के पैसे सगळ्यात मोठ्या पहिल्या शंभर कंपन्यांतच ठेवायला लागतात, सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) नियम आहे. मग चार लार्ज कॅप घेतले काय नि चाळीस घेतले काय, तीच दुकानं. एक निफ्टी इंडेक्स फंड (निफ्टीतल्या कंपन्या जशाच्या तशा घेणारा), एक नेक्स्ट ५० (त्यापुढच्या पन्नास कंपन्या) किंवा मिड कॅपचा (मध्यम कंपन्या), झालं. दोन्ही डायरेक्ट प्लॅनमध्ये, म्हणजे मधला एजंट नाही. बँकेतल्या साहेबांनी तुम्हाला रेग्युलर दिलेत, त्यातून त्यांना दर वर्षी कमिशन जातं, तुमच्याच पैशातून.

सगळे एकदम विकू नका मात्र. वर्षाहून जास्त ठेवलेल्या इक्विटी फंडांच्या नफ्याला वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये काढले की दोन वर्षांची सवलत मिळते. ईएलएसएसचा (करबचतीचे फंड) प्रत्येक हप्ता तीन वर्षं अडकलेला असतो, ते नंतर.

-----

पिंपळपार:

एवढं सगळं आमच्यासारख्यांच्या भरवशावर करू नका. सेबीकडे नोंदणी असलेला, फक्त फी घेणारा सल्लागार एकदा गाठा. यादी सेबीच्या संकेतस्थळावर आहे. कमिशनवाला असेल तर चहा पाजून परत पाठवा.

-----

गोदाकाठ:

मंडळी, महिन्याने येतेय. दहावीची पूर्वपरीक्षा चालू होती.

टर्म इन्शुरन्सची वैद्यकीय तपासणी झाली, साखर किंचित वर निघाली, हप्ता थोडा वाढवून पॉलिसी दिली. (आकडेमोड्या, तुमचा "क्रम महत्त्वाचा" तेव्हा फार आठवला.) पॉलिसींचे लेखी आकडे मागितलेत, पाचपैकी दोनचे आले. एजंटकाका आमच्यावर रुसलेत, पण दिवाळीचं कॅलेंडर देऊन गेले. जुन्या एसआयपी बंद करून एकच इंडेक्स फंड डायरेक्टमध्ये सुरू केला. पोर्टल लेकीने लावून दिलं, पासवर्ड तिलाच माहीत आहे, हे बरोबर नाही हे मला कळतंय.

निवांत_साठी, तुमचं वाचून नवऱ्याने वहीचं एक पान उभं तीन भागांत आखलं. तीन वर्षांत लागणारे, कॉलेजचे, आणि "रात्रपाळी नको" असा तिसरा रकाना. आपला प्लॉट कुठल्या रकान्यात जाईना म्हणून तो पेन्सिलने समासात लिहिलाय.

पतसंस्थेतली २ लाखांची पहिली ठेव येत्या १४ तारखेला सुटतेय. पुन्हा भरायची नाही असं ठरलंय. काल संध्याकाळी चेअरमन साहेब, म्हणजे मामेभाऊ, घरी चहाला येऊन गेले. ठेवीचा विषय कुणीच काढला नाही. जाताना मला म्हणाले, "वहिनी, या वर्षी दहा टक्के करतोय आपण."

१४ तारखेला नवऱ्याबरोबर मीच जाणार आहे. पावती माझ्या पर्समध्ये ठेवली आहे.