घरातल्या हार्ट पेशंट ज्येष्ठांचं खाणं कसं बदललंत? अनुभव लिहा

दादरकर
बाबा ७५ वर्षांचे, एन्जिओप्लास्टी झालीये. डिस्चार्जच्या वेळी मिळालेला डाएटचा कागद फ्रीजवर लावलाय. काय बंद करायचं ते सगळं त्यात आहे, पण ते या वयाच्या माणसाच्या गळी कसं उतरवायचं ते कुठे लिहिलेलं नाही. "इतकी वर्षं खाल्लं तेव्हा काही झालं नाही" हे रोज ऐकतोय. तुमच्या घरी खरोखर टिकलेले बदल सांगा, छोटे असले तरी चालतील.

गिरगावकरीण
आमच्याकडे मुख्य भांडण मिठाचं. सासऱ्यांना बीपी आणि हार्ट दोन्ही, पण पानात पापड-लोणचं नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. डॉक्टर म्हणाले माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यातच पापड, लोणचं, फरसाण, खारी, पाव सगळं आलं. आम्ही सांगून उपयोग शून्य. मग सासूबाईंनीच आयडिया काढली, सकाळी दोघांचं दिवसभराचं मीठ एका छोट्या वाटीत काढून ओट्यावर ठेवायचं आणि मिठाच्या बरणीला हात लावायचा नाही. पापड हवाय? मग वाटीतली चिमूट आधी परत बरणीत. आता सासरे स्वतः दुपारी येऊन वाटीत किती उरलंय बघतात! आमटीत आमसूल जरा जास्त, भाजीला लसूण-लिंबू, कोशिंबिरीत मीठ नाहीच, दही आणि दाण्याच्या कुटावर भागतं. सुरुवातीचे काही आठवडे कुरकुर झाली, पण जीभ सरावते हो, आता लग्नाच्या पंगतीतली भाजी त्यांनाच खारट लागते.

मुलुंडकर
मिठावरून आठवलं, दुकानात लो सोडियम मीठ मिळतं ते डॉक्टरांना न विचारता आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, किडनी कमजोर असेल किंवा बीपी-हार्टच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून धोका होतो. दुसरं, आईची वॉल्व्ह बदललीये आणि ती वॉरफेरिनवर (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आहे. तिला पालक-मेथी बंद नाही, फक्त प्रमाण रोज साधारण तेवढंच ठेवायचं. आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम ढीगभर, असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) वरखाली होतो.

वेसावकर
आम्ही कोळी, मासे बंद म्हटलं असतं तर आजीने जेवणच सोडलं असतं. डॉक्टर म्हणाले मासे खा, तळू नका. बांगडा आणि तारली तर हृदयाला चांगलेच, ओमेगा ३ भरपूर आणि पापलेटपेक्षा कितीतरी स्वस्त. आता बांगड्याचं तिखलं होतं, नाहीतर हळदीच्या पानात गुंडाळून तव्यावर. पानाचा वास घरभर सुटला की रव्यातल्या तुकडीची आठवण कोणी काढत नाही. सुकटीचा प्रश्न मात्र अवघड आहे, ती खारटच. आजी गरम पाण्यात भिजवून दोन-तीन पाण्यांतून धुते, पण तरी क्वचितच.

लालबागकर
वडिलांचं घरचं खाणं ठीक होतं, घोळ बाहेर. मॉर्निंग वॉकनंतर ग्रुपबरोबर वडापाव ठरलेला, आणि त्या कढईतलं तेल किती वेळा तापलेलं असतं देव जाणे. मी बोललो की आवाज चढायचा. शेवटी त्यांच्या ग्रुपमधल्या एका काकांना गाठलं, त्यांची बायपास झालीये. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मी खात नाही, तुम्हीही माझ्यासमोर खाऊ नका." आता कट्ट्यावर बिनमिठाचे भाजके चणे आणि कमी साखरेचा चहा. मुलाचं जे ऐकलं नाही ते दोस्ताचं ऐकलं, माझी काही तक्रार नाही.

पार्लेकरीण
थोडं उलट लिहिते. पथ्यापायी माणूस उपाशी राहत नाही ना, तेही बघा. तेल नको, मीठ नको, गोड नको ऐकून ऐकून आईने खाणंच कमी केलं, वजन उतरलं, जिने चढताना पाय लटपटायला लागले. कवळीमुळे ज्वारीची भाकरी चावत नव्हती हे तिने सांगितलंच नव्हतं. आता भाकरी ताकात कुस्करून, मुगाचं धिरडं, ज्वारीची उकड, रोज वाटीभर दही, एक अंडं. तिला हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करत नाही, असल्याने रोज सकाळी वजनही करतो, दोन-तीन दिवसांत एकदम दीड-दोन किलो वाढलं तर ते पाणी साठलेलं असू शकतं, लगेच डॉक्टरांना फोन.

बोरिवलीकर आजोबा
मी स्वतः पेशंट आहे म्हणून लिहितो. दादरकर, तुमच्या बाबांना तो कागद वाचून दाखवू नका, त्यांच्यासमोर बसून विचारा की यातलं काय जमेल. माझ्या सुनेने मला किराण्याची यादीच करायला दिली. डाएटिशियनने माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल सांगितलंय, पिशवी मीच आणतो, मीच बाटलीत ओततो, मग ते पुरवायची जबाबदारी माझी वाटते. वनस्पती तूप आणि बेकरीचे नानकटाई-टोस्ट यादीतून मीच खोडले. गणपतीत उकडीचे दोन मोदक खाणार, ते आधीच सांगून ठेवलंय आणि घरात मान्य आहे.

दादरकर
आजोबा, आज संध्याकाळी बाबांबरोबर यादी करायला बसतो. गिरगावकरीण ताई, पाहुणे आले की त्या वाटीचं काय करता?